साडेसातची शेगडी

महिपती बोरस्ते दोह्याला उतरले त्याच संध्याकाळी त्यांची खात्री पटली, की घरात कुणीतरी गेलं आहे आणि ही पोरं ते आपल्यापासून लपवताहेत.

साडेसात वाजले होते. स्वयंपाकघरात ना फोडणीचा वास, ना कुकरची शिट्टी. शेगडी पुसून, वर काचेचं झाकण टाकून ठेवलेली. हायकेने, म्हणजे त्यांच्या जर्मन सूनबाईंनी, टेबलावर तीन लाकडी फळ्या मांडल्या, प्रत्येकीशेजारी एक सुरी ठेवली आणि मधोमध आणून ठेवला विटेसारखा जड, काळपट पाव. सोबत काकडीच्या चकत्या, लोणी, चीज आणि दुपारी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेली अंडी. सगळं गार. आपल्याकडे संध्याकाळी चूल पेटत नाही ती एकाच कारणाने. महिपती खुर्चीत बसलेच नाहीत. ते मुलाला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेले.

“श्याम, खरं सांग. कोण गेलं? तुझे नानाकाका गेले का? मी निघालो तेव्हाच त्यांना बरं नव्हतं.”

“नाना ठणठणीत आहेत. कोणी गेलेलं नाही.”

“मग गॅस का पेटवला नाही?”

श्याम आधी चक्रावला आणि मग इतका हसला, की कठडा धरून उभा राहिला. जर्मन लोक दुपारी गरम जेवतात आणि संध्याकाळी पाव खातात. या जेवणाचं त्यांच्या भाषेतलं नावच मुळी ‘संध्याकाळचा पाव’ असं आहे. त्यात अशुभ काही नाही. हायकेच्या माहेरी वर्षानुवर्षं हेच चालतं, असं त्याने समजावलं. महिपतींनी सगळं ऐकून घेतलं. मग आत येऊन एक काप चावला. चावता चावता जबडा दुखला, पण शंका काही फिटली नाही.

महिपती एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं नाशकाच्या स्थानकात बसून त्यांनी कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल हे माइकवर सांगितलं होतं. गाड्या वेळेवर आल्या नाहीत त्या नाहीतच, पण सांगणाऱ्याच्या अंगात मात्र वेळापत्रक मुरलं. साडेसात म्हणजे साडेसात, आणि ताटातून वाफ निघाली पाहिजे. लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत श्यामच्या आईने हे वेळापत्रक एकदाही चुकवलं नव्हतं. ती जाऊन आता दोन वर्षं झाली होती. म्हणून तर श्याम मागे लागला होता, की बाबा, एकटे राहू नका, इथेच या कायमचे. हायकेला सातवा महिना आहे, नातवंडं खेळवा. आधी महिनाभर राहून बघा, मग इथल्या रहिवासाच्या फॉर्मवर सही करा. तो फॉर्म फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवला होता. महिपती पाणी घ्यायला गेले की तो समोर यायचा.

आता कुणी म्हणेल, सून वाईट होती. मुळीच नाही, आणि महिपतींचा खरा वैताग तोच होता. वाईट असती तर भांडता आलं असतं. हायके श्यामच्याच कंपनीत नोकरीला होती, तिथेच दोघांचं जमलं. बाळंतपणासाठी ती आता घरी होती. मराठी ती वहीत लिहून शिकली होती आणि जपून, एकेक शब्द ठेवत बोलायची. दुपारी बरोबर साडेबाराला ती सासऱ्यासाठी वरण-भात करायची. डाळ वजनकाट्यावर तोलून, हळद चमचा सपाट करून. वरण उत्तम व्हायचं. पण दुपारचं वरण ते दुपारचं. माणसाने संध्याकाळी घरी यावं कशासाठी?

एकदा त्यांनी आडून आडून सुचवलं, की संध्याकाळीही थोडा भात असता तर बरं. हायकेने लगेच दुपारचा भात मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. टिंग वाजलं, वाफाळता भात पुढ्यात आला. महिपतींनी तो खाल्ला आणि त्यांचं डोकं आणखीच फिरलं. नेमकं काय बिनसलं ते त्यांनाही सांगता येईना. भात गरम होता, तरी शेगडी गारच होती.

समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडची नफिसा परकार राहायची. तिचा नवरा उस्मान एका कार्गो कंपनीत क्लार्क होता. नफिसाचा गॅस सातलाच पेटायचा. साडेसातच्या सुमाराला तिच्या दाराखालून लसणीच्या फोडणीचा वास थेट जिन्यापर्यंत यायचा आणि महिपती त्याच वेळी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडायचे. पिशवीत कधी कधी अंड्याची दोन टरफलं असायची.

“या ना काका, जेवायला,” नफिसा म्हणायची. “आज सुकटीचा कालवण हाय.”

“नको, आत्ताच जेवलो,” असं म्हणून ते घरी परतायचे आणि पावाला लोणी फासायचे. मुलाच्या घरात खायला मिळत नाही असं दिसायला नको, एवढी अक्कल वैतागातही शाबूत होती.

शेवटी एका दुपारी त्यांनी सुनेला सरळच विचारलं, “हा गार जेवणाचा शोध लावला कुणी तुमच्यात?”

हायके खूश झाली. सासऱ्याने पहिल्यांदा तिच्या घराबद्दल काही विचारलं होतं. तिने भिंतीवरचा फोटो काढून आणला: डोक्याला रुमाल बांधलेली, हातभर लांब पाव छातीशी धरून कापणारी एक म्हातारी. ही तिची ओमा, म्हणजे आजी. हायकेची आई नोकरीला जायची, त्यामुळे हायके वाढली ती ओमाच्याच हाताखाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हिवाळ्यात कोळसा मिळत नव्हता. ओमा दिवसातून एकदाच चूल पेटवायची, पोरं शाळेतून आली की. संध्याकाळी पाव. पुढे कोळसा आला, वीज आली, पण ओमाची सवय गेली नाही. ओमा आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि अजून संध्याकाळी पावच खायची.

“कोळसा नव्हता, बाबा,” हायके म्हणाली. “म्हणून पाव.”

“अगं, पण इथे जमिनीला भोक पाडलं की गॅस वर येतो!” महिपती उसळले. “तुझा नवरा रोज पहाटे उठून रास लफानला तोच काढायला जातो. जहाजं भरभरून जगाला पाठवतात. आणि त्याच्याच घरात शेगडी गार?”

हायके मनापासून हसली. तिला वाटलं, बाबांनी विनोद केला. महिपतींनी विनोद केला नव्हता. आपण चिडलोय हे समोरच्याला कळूसुद्धा नये, यापरता अपमान नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की आपण येत्या शुक्रवारी परत निघतो. श्यामने खूप डोकं आपटलं.

“बाबा, बाळ दोन महिन्यांवर आलंय आणि तुम्ही भाकरीपायी चाललात?”

“मला मानवत नाही इथलं.”

“नाशकात तरी कोण गरम करून वाढणार आहे तुम्हाला?”

महिपती कपाटावरची बॅग काढायला उठले. श्यामची आई गेली ती संध्याकाळी पाच वाजता. भातासाठी तांदूळ निवडून ठेवले होते, ते ताट ओट्यावर तसंच राहिलं. तेरा दिवस शेजाऱ्यांकडून आणि भावाकडून जेवण येत होतं. चौदाव्या दिवशी श्याम कतारला गेला, भाऊबंद आपापल्या घरी गेले आणि महिपतींनी मेसचा डबा लावला. त्यानंतर दोन वर्षं त्या घरातला गॅस पेटला नव्हता. चहासुद्धा ते कोपऱ्यावरच्या टपरीवर घेत. ज्या घरी जायची ही घाई चालली होती, तिथली शेगडी इथल्यापेक्षा गार होती. पण इथे रोज साडेसातला ती फळ्यांची रांग मांडली गेली, की त्यांना तो ओटा आणि ते ताट दिसायचं. हे कुणाला सांगणार? त्यापेक्षा पाव मानवत नाही म्हणणं सोपं. श्यामने शेवटी तिकीट बदलून आणलं.

निघायच्या दोन दिवस आधी, बुधवारी, महिपती दुपारी झोपून उठले ते वासाने. घरभर लोण्याचा आणि साखरेचा घमघमाट सुटला होता. स्वयंपाकघरात ओव्हन चालू, काच लाल झालेली. ओट्यावर परातीएवढा मोठा चौकोनी केक निवत पडलेला, वर साखर आणि बदामाचे काप. दुसरा आत भाजत होता. टेबलावर पांढरा कपडा, ठेवणीतले कप, एक मेणबत्ती आणि तो ओमाचा फोटो. हायकेने छानसा काळा झगा घातला होता. ती सारखी घड्याळाकडे बघत होती.

“पार्टी आहे का?” महिपतींनी विचारलं.

“ओमासाठी,” हायके म्हणाली. “तिकडे तीन वाजता सगळे बसतात. कॉफी, केक. इथे पाच वाजता. म्हणून मी पण.”

वाढदिवस तर! एकोणनव्वदावा. महिपतींनी तेवढ्यापुरता राग बाजूला ठेवला. ओमाने साठ वर्षं गार पाव खाल्ला म्हणून तिच्या वाढदिवसाला तोंड वाकडं करण्याइतके ते हलक्या मनाचे नव्हते.

“वा! हॅपी बर्थडे टू ओमा!” त्यांनी फोटोकडे बघून हात जोडले. “शंभरी गाठा म्हणावं.”

हायके थबकली. तिचे ओठ हलले, पण मराठी शब्द काही सापडेना. मग हळूच म्हणाली, “थँक यू, बाबा.” बरोबर पाच वाजता तिने कॉफी ओतली. महिपतींनी केकचा एक तुकडा खाल्ला. खुसखुशीत, वरून कुरकुरीत, मध्ये लोण्याची तळी. दुसरा खाल्ला. तिसरा खाताना तीन आठवडे साठलेलं सगळं वर आलं. हायके खात नव्हती, कपाभोवती हात धरून नुसती बसली होती, आणि ते गप्प बसणंही त्यांना डोईजड झालं.

“सूनबाई, एक विचारू? आजीच्या पार्टीला दुपारपासून ओव्हन पेटतो. दोन-दोन केक होतात. मग मी एका भाकरीसाठी तीन आठवडे झुरतोय, तेव्हाच तेवढी हौस कुठे जाते? का फक्त तुमच्याच माणसांसाठी घरात विस्तव पेटतो?”

मराठी सगळं कळलं नसेल, पण कळायचं ते तिला कळलं. चेहरा पांढरा पडला. “सॉरी, बाबा,” ती म्हणाली, पोटाला हात लावत उठली आणि खोलीत गेली. दार आपटलंसुद्धा नाही.

दहा मिनिटांत श्याम आला. नेहमीच्या वेळेच्या आधी, आणि हातात पांढरी फुलं.

“हायके कुठे आहे? मला पाचला पोचायचं होतं, समुद्राकाठी कॉर्निशवर एशियाडसाठी रस्ते खणून ठेवलेत, गाडी हलेना.”

“आत आहे. रुसली. आजीच्या वाढदिवसाला मी दोन शब्द बोललो तर...”

“वाढदिवस?” श्याम फुलं धरून तसाच उभा राहिला. “बाबा, ओमा गेली. गेल्या गुरुवारी. आज तिकडे तिला पुरलं. डॉक्टर हायकेला या महिन्यात विमानात बसू देत नाहीत, म्हणून ती इथे बसणार होती.”

महिपतींच्या हातात अजून तिसऱ्या तुकड्याचा उरलेला घास होता. तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

“पण... केक?”

“तोच करतात. त्यांच्या गावात पूर्वी सगळ्यांची मिळून एक भट्टी होती. पाव निघाले, की उरलेल्या आचेवर हा केक. लग्नात हाच आणि मयतानंतरही हाच. ओमाने हायकेला सगळ्यात आधी शिकवला तो हा.”

“लग्नाला आणि मयताला एकच?” एरवी यावर महिपती तासभर बोलले असते. आता एवढंच म्हणाले, “आणि गुरुवारपासून मला कुणी काही बोललं नाही?”

“मी सांगणार होतो. तीच नको म्हणाली. म्हणाली, बाबांना आईची आठवण येईल. त्यांना त्रास नको.”

महिपती खाली बसले. गुरुवार ते बुधवार. या सात दिवसांत रोज दुपारी साडेबाराला त्यांच्यापुढे वरण-भात आला होता. तोललेली डाळ, सपाट चमचा हळद. ज्या घरात सुतक होतं, त्या घरात सुतकातल्या पोटुशी पोरीने त्यांच्यासाठी गॅस पेटवला होता. आणि ते वर मान करून विचारत होते, की विस्तव कुणासाठी पेटतो. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या खोलीच्या दारापर्यंत जायचीसुद्धा हिंमत झाली नाही. ते चपला घालून बाहेर पडले आणि समोरची बेल वाजवली.

“काय झाला वो काका?” नफिसाने दार उघडताच विचारलं. “तोंड असा कशाला झालाय?”

“सुनेची आजी गेली. तुझ्याकडे बेसन आहे का?”

नफिसाने पुढे काही विचारलं नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजाऱ्याने जेवण न्यायचं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने गॅस पेटवला, कढई ठेवली.

“तुमी बसा. मी टाकतंय पिठला.”

“नाही. मीच करणार.”

“येता तुमाला?”

“नाही येत.”

नफिसाने कपाळावर हात मारला, पण बाजूला झाली. महिपतींनी आयुष्यात पहिल्यांदा फोडणी टाकली. मोहरी अंगावर उडाली, लसूण करपला, तो काढून पुन्हा टाकला. पाण्यात बेसन एकदम ओतलं आणि गुठळ्या झाल्या. “ढवळा, ढवळा, हात नका थांबवू!” असं नफिसा ओरडत राहिली आणि शेजारच्या शेगडीवर तांदळाच्या भाकऱ्या थापून टाकत राहिली. नाशिकचा माणूस भाकरी म्हणजे बाजरीची समजतो, पण त्या दिवशी त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. निघताना नफिसा म्हणाली, “आमच्यात तीन दिवस. तुमच्यात किती?”

“तेरा.”

“मग उद्या लवकर या. गुठळ्या मोडायला शिकवतंय.”

साडेसातला ते घरात शिरले तेव्हा टेबलावर तीन फळ्या मांडलेल्या होत्या. हायके सुजलेल्या डोळ्यांनी पाव कापत होती. महिपतींनी तिच्या हातातली सुरी अलगद काढून घेतली, कढई टेबलावर ठेवली आणि भाकऱ्यांचं फडकं सोडलं.

“घरचं नाही हे,” ते म्हणाले. “समोरून आणलंय. कुणी गेलं की आमच्यात घरात गॅस पेटवत नाहीत. दुसऱ्याने आणायचं असतं. तू सात दिवस पेटवलास. मी तुला पेटवू दिला.”

श्याम हळू आवाजात इंग्रजीत काही सांगायला लागला, पण हायकेने त्याला थांबवलं. तिला कळलं होतं. तिने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तोंडात घातला. जीभ भाजली. गुठळी दाताखाली फुटून कोरडं बेसन निघालं. आणि गेल्या गुरुवारपासून पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली. महिपती तिच्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवावा की नाही, ठरेना, म्हणून त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

“मघाशी जे बोललो,” ते म्हणाले, “ते माहीत नव्हतं म्हणून बोललो, असं म्हणणार नाही. माहीत नसतानाही बोलायला नको होतं. श्यामची आई गेली तेव्हापासून मला संध्याकाळी गार शेगडी बघवत नाही. एवढंच होतं. तुझ्या पावाचं काही नाही. पाव कडक आहे, पण त्याचं काही नाही.”

हायकेने डोळे पुसले. “किती दिवस गॅस बंद?”

“तेरा.” महिपतींनी बोटं मोजली. “आज सातवा. उरले सहा.”

“बाबा,” श्याम म्हणाला, “तुमचं तिकीट शुक्रवारचं आहे.”

“मग? शुक्रवारपासून जेवण तू आणणार आहेस? तुला पिठलं येतं?” महिपती त्याच्यावर खेकसले. “माणसाला एवढंही कळू नये? रद्द कर ते. आणि तो फॉर्म काढ फ्रीजवरून, रोज पाण्याला गेलं की डोळ्यांपुढे नाचतो. सही करून मोकळा होतो.”

श्याम उठला. हायकेने आणखी एक तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हातातच धरून ठेवला.

“तेरा दिवसांनंतर,” तिने एकेक शब्द जुळवत विचारलं, “गॅस परत कोण पेटवतं?”

महिपतींनी पुसून ठेवलेल्या शेगडीकडे पाहिलं. त्यांच्या घरात कुणीच पेटवला नव्हता.

“मी,” ते म्हणाले.

फॉर्म घेऊन येणारा श्याम वाटेतच थांबला. वडिलांना काडी ओढताना त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

“मी पेटवीन,” महिपती पुन्हा म्हणाले. “पण साडेसातला हं. सात पस्तीस झालेलं मी ऐकून घेणार नाही.”